डावखुरी बंदूक

बंदूक घ्यायची आहे असं मी घरात जाहीर केलं तेव्हा नवरा डिशवॉशर रिकामा करत होता. हातातली कढई त्याने प्रेसमध्ये ठेवली. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि इतक्या वर्षांत आम्हीही तेच म्हणायला लागलो आहोत. मग प्रेसचं दार लावून त्याने शांतपणे विचारलं, "कोणावर राग आहे?"

"कोणावरच नाही. ठासणीची बंदूक. चकमकीवर चालणारी."

"शिवकालीन?"

"त्याच्या थोडी नंतरची."

"मग हरकत नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, एखादी चालणारी घेतेयस."

आम्ही आयर्लंडमध्ये, वॉटरफोर्डला राहतो. मी ज्या कारखान्यात काम करते तिथे शरीरात घालायच्या नळ्या बनतात, काही काही तर केसाहून थोड्याच जाड. त्या नळ्या आतून मोकळ्या आहेत ना, आणि नसतील तर कशाने बुजल्या, हे शोधण्याचा मला पगार मिळतो. काम चांगलं आहे, पण घरी आल्यावर कोणाला रंगवून सांगता येत नाही. अशात एका सहकाऱ्याने जुन्या बंदुकांच्या क्लबच्या खुल्या दिवसाला नेलं. डोंगरातली एक बंद पडलेली दगडाची खाण, पत्र्याची शेड, चहा आणि स्कोन, म्हणजे इथले लोणी लावून खायचे गोडसर पाव. मी खरं तर स्कोनसाठी गेले होते.

तिथे कोणीतरी माझ्या हातात चकमकीची रायफल दिली आणि माझं पुढचं वर्ष ठरून गेलं.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी घालायची आणि गजाने ठासायची. नळीच्या मागच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला एक लहानशी वाटी असते. तिच्यात चिमूटभर बारीक दारू घालायची. तिला आपल्याकडे रंजक म्हणायचे, आणि इतका चांगला शब्द आपण वापराविना पडू दिला याचं मला वाईट वाटतं. वाटीवर पोलादाची एक उभी झडप असते. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातली गारगोटी या झडपेवर आपटते, झडप उघडते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक फुस्सकन पेटतं, त्याची आग एका बारीक छिद्रातून नळीच्या आत जाते आणि मग, एवढं सगळं यथासांग पार पडलं तर, बार होतो.

चाप आणि बार यांच्यामध्ये फट असते. लहानच, पण माणसाच्या मनात एखादा विचार येऊन जाईल एवढी. त्या फटीत तुम्ही हललात तर गोळी तुमच्या विचाराच्या मागोमाग जाते. ऐतिहासिक कादंबऱ्या मी पोत्याने वाचल्या आहेत. त्यांत बंदुका नुसत्या धडाडतात. या फटीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आपलं काम करून झाल्यावरही काही न करता तसंच थांबायला लावणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहत होते. मला ते भयंकर आवडलं.

अडचण एकच होती. मी डावखुरी आहे. जगातल्या बहुतेक सगळ्या बंदुकांचं ते वाटी, घोडा, झडप प्रकरण उजव्या अंगाला असतं. उजव्या माणसाचा चेहरा डाव्या अंगाला टेकतो, म्हणून तो सुखरूप. माझा चेहरा नेमका उजव्या अंगाला, म्हणजे जाळ माझ्या नाकासमोर. डोळ्यांवर चष्मा होता, पण डावी भुवई काही प्रमाणात गेली, आणि गाडीतून घरी येताना भरतासाठी वांगं भाजल्यासारखा वास येत राहिला. कात्री, पळीची चोच, शाळेतला बाक आणि प्रसाद घ्यायला पुढे केलेला हात यांनी मला लहानपणापासून जे समजावलं होतं तेच बंदुकीनेही समजावलं, फक्त जरा मोठ्या आवाजात.

बंदूक निवडणं म्हणजे चपला घेणं नव्हे. इथे परवाना मिळतो तो बंदुकांचा नव्हे, एका बंदुकीचा. आधी ती नक्की करायची, मग गार्डा म्हणजे इथल्या पोलिसांकडे अर्ज करायचा आणि मग वाट पाहायची. नाही आवडली म्हणून बदलून आणायची सोय नाही. बजेटही बेताचं होतं. आम्ही नवीन सोफ्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते आणि जुन्या सोफ्याने अजून तोंडाने तक्रार केलेली नव्हती, एवढाच काय तो आधार.

मी बघायला सुरुवात केली. जुन्या वस्तूंच्या बाजारात एक फार देखणी मिळाली. ही एका मोठ्या लढाईत होती, असं विकणारा छातीवर हात ठेवून सांगत होता. मी निरखून पाहिलं तर वाटीतून नळीत जाणारं छिद्रच पाडलेलं नव्हतं. लढाईत असलीच तर ती मध्यस्थ म्हणून असावी. उजव्या हाताच्या वापरलेल्या बऱ्याच होत्या, स्वस्तही होत्या, पण भुवया दोनच असतात. डाव्या हाताची नवीन परदेशात ऑर्डर देऊन बनवून मिळत होती. तिची किंमत ऐकून नवरा म्हणाला, "यात सोफा, फ्रिज आणि मी, तिघेही येतो."

सल्ले फुकट होते. सगळ्यात जास्त सल्ले देणाऱ्या गृहस्थाला क्लबात सगळे कॅप्टन म्हणत. तो कुठल्याही सैन्यात कधी नव्हता. समुद्रकाठी त्याचं छोटं गेस्ट हाऊस आहे. पण उन्हाळ्यात तो आणि त्याचे मित्र जुन्या लढायांची प्रात्यक्षिकं करतात, त्यात तो कॅप्टन असतो आणि हिवाळ्यातही त्याला त्यातून बाहेर यायला जमत नाही. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झालरी. त्याच्या बंदुकीच्या लाकडावर चांदीची चंद्रकोर, चांदीचं हरीण आणि चांदीचा कुत्रा होता. ऊन पडलं की ती नजर ठरू द्यायची नाही. निशाणावर मात्र तिचा एवढा प्रभाव पडत नसे.

"पहिली बंदूक रुबाबदार हवी," कॅप्टन मला म्हणाला. "पितळ बघा, पितळ. नेम काय, नंतर येतो."

मग एका रविवारी क्लबच्या सेक्रेटरीणबाई मला शेडच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे एक म्हातारे गृहस्थ बाकावर बसले होते. जन्मभर गाईगुरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी कापडी पिशवीतून एक रायफल काढली. साधं काळपट अक्रोडाचं लाकूड, एका ठिकाणी तडा जाऊन सांधलेलं. पितळ नाही, चांदी नाही, हरीण नाही. पावसात विसरलेल्या कुदळीच्या जातीची दिसत होती. अमेरिकेतून सुटे भाग मागवून त्यांनी ती स्वतः जोडली होती, आणि ते डावखुरे होते.

मी ती खांद्याला लावली. घोडा डावीकडे, वाटी डावीकडे, गाल उजवीकडच्या लाकडावर, आणि काहीच अडलं नाही. काहीच न अडणं ही केवढी मोठी घटना असते ते उजव्या माणसांना सांगून कळणार नाही.

"विकताय का?" मी विचारलं. माझा आवाज भाव करणाऱ्या बाईचा नव्हता. नवऱ्याने नंतर त्याबद्दल ऐकवलं.

"डोळे," ते म्हणाले. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. "निशाणाचा कागद दिसतो, कडा दिसतात. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ते मधलं तेवढं दिसत नाही. महिनाअखेरीला परवाना संपतो. नवा मागणार नाही."

त्यांनी सांगितलेली किंमत सोफ्यात बसत होती. पण कॅप्टनला वास लागला होता. शेकोटीच्या वर टांगायला त्याला एक अस्सल, जुनाट दिसणारी बंदूक हवीच होती आणि तो जास्त पैसे द्यायला तयार होता. टांगायची म्हणजे कायद्याप्रमाणे आधी निकामी करायची: नळी कायमची बुजवायची, छिद्र बुजवायचं.

"मागे एक विकली होती," म्हातारेबुवा म्हणाले, "तिचा घेणाऱ्याने लॅम्प केला. वर फुलाफुलांची शेड." त्यांनी रायफल माझ्या हातातून परत घेतली. "असं करू. पुढच्या रविवारी या. माझ्यासमोर चालवा. तुमचं दोघींचं जमलं तर तुमची. नाही जमलं तर उगाच पडून राहण्यापेक्षा कॅप्टनच्या भिंतीवर जाऊ दे."

म्हणजे एका रविवारी ठरणार होतं: ती माझ्या खांद्याला लागणार, की तोंडात बोळा घालून गेस्ट हाऊसमधल्या पाहुण्यांच्या डोक्यावर टांगली जाणार.

घरी त्या वेळी सासूबाई आलेल्या होत्या. कोल्हापूरच्या. बंदुकीचं ऐकून त्या काय म्हणतील याची मी चार वेगवेगळी उत्तरं तयार ठेवली होती. लग्न झालं तेव्हा मी डाव्या हाताने भात वाढत असे. त्यांनी ते सोडवण्यासाठी बरीच वर्षं चिकाटीने प्रयत्न केले आणि मग प्रयत्न करणं सोडून दिलं. ते आमच्या दोघींमधलं सगळ्यात मोठं युद्ध, आणि ते वाटाघाटींशिवाय संपलं होतं.

मी सांगितलं. त्यांनी लसूण सोलणं थांबवलं नाही.

"डावरी बंदूक?" त्या म्हणाल्या. "म्हणजे डावऱ्यांसाठी मुद्दाम बनवत्यात?"

"हो आई."

"बघ की. बंदुकीला चालतंय, आणि मी भाताच्या मागं लागलो हुतो." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी गेलो, सासूबाईंच्या बाबतीत ते शोभतंही. "कवा जायाचं?"

"रविवारी. तुम्ही कशाला येताय, तिथे थंडी असते."

"रविवारी खंडेनवमी हाय. घरात हत्यार येणार आणि पूजा न्हाई? येतो की मी."

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांच्या नावाखाली दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर आणि इस्त्री यांची पूजा होते. एका वर्षी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यालाच कुंकू लागलं आणि पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना मी संधिप्रकाशात बसल्यासारखी दिसले. तेव्हा एकदाचं खरं शस्त्र मिळत असताना सासूबाई घरी बसतील ही अपेक्षाच चूक होती.

रविवारी आम्ही तिघं निघालो. सासूबाईंच्या अंगावर लुगडं, त्यावर माझ्या नवऱ्याचं फुगीर जॅकेट, पायांत धावायचे बूट आणि मांडीवर स्टीलचा डबा. खाणीत पोचलो तर कॅप्टन पूर्ण पोशाखात हजर. सासूबाई गाडीतून उतरल्या, त्यांनी तो लाल कोट, दोऱ्या आणि झालरी खालपासून वरपर्यंत पाहिल्या आणि मला विचारलं, "बँडवाला बी बोलावलास व्हय?"

"काय म्हणतात त्या?" कॅप्टनने आनंदाने विचारलं.

"तुमचा कोट पाहून त्यांना लग्नाची आठवण झाली," मी म्हटलं, आणि यात एकही शब्द खोटा नव्हता. कॅप्टनने कमरेत वाकून अभिवादन केलं. सासूबाईंनी त्याला, बँड वाजवणाऱ्याला देतात तसा, मोठ्या मनाने हात केला.

सेक्रेटरीणबाईंनी डबा तपासला. हळद, कुंकू, अक्षता आणि सुपरमार्केटमधली केशरी शेवंती त्यांनी पास केली. निरांजन बाजूला काढलं. मी दिलगिरीच्या सुरात सासूबाईंना समजावू लागले.

"मला कशाला सांगालीस?" त्या म्हणाल्या. "दारूपाशी दिवा कोण लावंल? म्या आणलं ते घरनं निघताना डब्यातच हुतं म्हणून."

म्हातारेबुवांनी रिकामी रायफल बाकावर आडवी ठेवली, घोड्याची बाजू वर. सासूबाई तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"हिचं कपाळ कुठं?"

प्रश्न योग्य होता. मी झडप दाखवली: उभी, सपाट, गुळगुळीत, एका बोटाच्या रुंदीची. या बंदुकीत कुंकू लावायला तिच्याइतकी चांगली जागा नाही, आणि ठिणगी पडायला तिच्याइतकी महत्त्वाची जागाही नाही. हळद लागली, कुंकू लागलं. म्हातारेबुवांनी टोपी काढली. सेक्रेटरीणबाईंनी छातीवर क्रूस केला. कॅप्टनने खाडकन सलाम ठोकला. नवरा फ्लास्कमधली कॉफी पीत उभा होता, त्याने ती खाली ठेवली.

मग मी एक शहाणपणा केला. यंत्र समजावून सांगायची मला खोड आहे. "आणि आई, ही तिची वाटी," असं म्हणत मी झडप उघडून दाखवली. "इथे रंजक घालायचं."

रिकामी वाटी पाहून सासूबाईंचा चेहरा मऊ झाला.

"बाई माझी," त्या बंदुकीला म्हणाल्या, "पहिल्यांदा आमच्या घरला येणार, आणि वटी न्हाई भरायची व्हय?" आणि त्यांनी मूठभर अक्षतांनी बंदुकीची ओटी भरली.

म्हातारेबुवांना हे काय चाललंय ते मी थोडक्यात सांगितलं: नवीन सून, शुभशकुन वगैरे. त्यांनी मान डोलावली. "ग्रँड," ते म्हणाले. इथे ग्रँड म्हणजे उत्तम, बरं, चालेल, आणि मला यातलं काही कळलं नाही पण तुम्ही चालू द्या.

पूजा संपल्यावर मी बंदूक कलती करून तांदूळ झटकले, वाटीत फुंकर मारली, झडपेवरचं कुंकू चिंधीने पुसलं. वाटी लख्ख. दारू भरली, गोळी ठासली, रंजक घातलं. समोर डोंगराच्या कुशीला कागद लावलेला होता. मी श्वास सोडला आणि चाप ओढला.

फुस्स. वाटीत छान जाळ झाला. मी हलले नाही. अगदी नमुनेदार हलले नाही. आणि बार झाला नाही.

अशा वेळी नियम असा की नळी डोंगराकडेच धरून मुकाट उभं राहायचं, कारण बंदुकीचा विचार उशिराही बदलू शकतो. मी उभी राहिले. मागे सासूबाई नवऱ्याला विचारत होत्या, "झालं? एवढंच असतंय?"

पुन्हा रंजक घातलं. पुन्हा फुस्स. पुन्हा शांतता. मग तिसऱ्यांदा. कॅप्टन आता बंदुकीकडे नव्हे, तिच्या लांबीकडे बघत होता, भिंतीच्या मापाने.

"तिने माझ्याशी असं कधी केलं नाही," म्हातारेबुवा हळू आवाजात म्हणाले. त्यात मला दोष देणं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. ते जरा वेळाने पुढे म्हणाले, "कदाचित तिलाही आता पुरे झालं असेल." आणि त्यांनी कापडी पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली.

ती पिशवी पाहून माझं डोकं चालायला लागलं. बाहेर जाळ, आत सामसूम. हे मी आठवड्यातले पाच दिवस बघते. जिथून काहीतरी जायला हवं तिथून ते जात नाही, आणि नळीची नियत खराब झालेली नसते; वाटेत कोणीतरी बसलेलं असतं.

"थांबा," मी म्हटलं. "छिद्र बुजलंय."

सेक्रेटरीणबाईंच्या देखरेखीखाली घोडा खाली असल्याची खात्री केली, वाटी पुसून रिकामी केली. मी बारीक तार छिद्रात घातली. दारूत तार खसखस करत जाते. ही गेलीच नाही. काहीतरी चिवट होतं. मी टॉर्च मागितला, प्रथमोपचाराच्या पेटीतला चिमटा मागितला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नोकरीचं काम बघायला माणसं दाटीने उभी राहिली.

जे बाहेर आलं ते मी तळहातावर घेतलं. अर्धं कोळसा, अर्धं पिवळं. टोकदार, सडपातळ.

सासूबाई पुढे आल्या, त्यांनी जॅकेटच्या खिशातून चष्मा काढून लावला आणि माझ्या तळहातावर वाकल्या.

"बासमती," त्या म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तरी तुला म्हणालो हुतो, अक्षतांना आंबेमोहोर दे. संपलाय म्हणालीस. आमचा तांदूळ कसा गोलमटोल, तो जाईल काय असल्या भोकात? हे तुझं सुईगत बासमती, जाणारच की."

असा दोष माझ्यावर आला, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात मला आजही खोट काढता आलेली नाही.

आधी सेक्रेटरीणबाईंना हसू फुटलं. मग नवऱ्याला, तो तोंड फिरवून डोंगराकडे बघत खांदे हलवत राहिला. कॅप्टनने मात्र घसा साफ केला. "सगळ्या परंपरांचा आदर राखून सांगतो," तो म्हणाला, "हे एक नाजूक यंत्र आहे. त्यात भात? अशा माणसांच्या हाती..."

"तो तांदूळ कशासाठी होता?" म्हातारेबुवांनी मला मध्येच विचारलं.

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कशासाठी म्हंजे? हिचं सगळं नीट व्हावं, काही अडू नये म्हणून."

मी हे भाषांतर जसंच्या तसं केलं. म्हातारेबुवांनी ते ऐकलं, माझ्या तळहातावरचा जळका दाणा पाहिला, म्हणजे त्याच्या कडेने पाहिलं, आणि त्यांच्या पोटातून एक असं हसू निघालं की त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. सासूबाईंना कळेना काय झालं, पण समोर म्हातारा माणूस एवढा हसतोय म्हटल्यावर त्याही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं एकमेकांना आवरा म्हणून हात करत होते.

हसणं ओसरल्यावर मी रंजक घातलं. गाल लाकडाला लावला. तिकडे डोंगर, मध्ये कागद, इकडे मी. चाप ओढला. फुस्स झालं, आणि त्या फटीत माझ्या मनात खरोखर काहीही आलं नाही, आणि मग बार झाला.

काय सांगू! खांद्याला दणका नव्हे, कोणीतरी जवळच्याने मारलेली थाप. पांढऱ्या धुराचा ढग समोर तरंगत राहिला, त्याच्या पलीकडे डोंगराने आवाज परत पाठवला. धूर बाजूला व्हायला वेळ लागला. मागे सासूबाईंचा आवाज आला, "आत्ता कशी!"

कागदावर भोक होतं. फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही. मधल्या काळ्या वर्तुळापासून ते चांगलंच दूर, कागदाच्या अगदी काठाशी होतं, आणखी दोन बोटं बाहेर गेलं असतं तर डोंगराच्या खात्यात जमा झालं असतं. मी बंदूक खाली केली आणि म्हातारेबुवांकडे वळले. आता ते विचारणार कुठे लागली, आणि मला ते सांगावं लागणार.

पण ते उठून उभे राहिले होते आणि मान थोडी तिरकी करून दुर्बिणीतून बघत होते.

"दिसली," ते म्हणाले. "मला दिसली! काठावर आहे ना, खाली डावीकडे? मधे मारली असती तर मला काही कळलंच नसतं." त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. "दोन वर्षांत पहिल्यांदा मला कोणाची तरी गोळी दिसली."

मग मी अजून काही बार काढले. हळूहळू ते मधे सरकू लागले, आणि जसजसे मधे सरकले तसतसा म्हातारेबुवांचा त्यांच्यातला रस कमी होत गेला. शेवटी त्यांनी कापडी पिशवीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "हिच्यासकट," ते म्हणाले. मी आधी ठरलेली किंमत सांगितली. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. कॅप्टनने जास्त देऊ केले होते ही गोष्ट त्यांनी एकदाही काढली नाही.

कॅप्टन, खरं बोलायचं तर, दिलदारपणे हरला. त्याने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि सासूबाईंबरोबर फोटो मागितला. फोटोत ते दोघं फार शोभून दिसतात. "पण माझ्या शेकोटीवर आता काय टांगू?" त्याने मला सुस्कारा सोडत विचारलं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"त्यो कोटच टांग म्हणावं. भिंत बी झळाळंल आणि ह्यो बी गरमीतनं सुटंल."

याचं भाषांतर मी केलं नाही. काही गोष्टी फक्त आपल्यासाठी असतात.

पुढे सगळं कायद्याच्या गतीने झालं. मी अर्ज केला, गार्डा घरी येऊन बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीला नीट बसवलंय का ते हलवून पाहून गेला, आणि परवाना येईपर्यंत बंदूक गावातल्या दुकानदाराच्या तिजोरीत राहिली. साखरपुडा झालेल्या मुलासारखी मी अधूनमधून दुकानात काहीतरी निमित्त काढून जायची. दुकानदार तिजोरी उघडून दाखवायचा आणि बंद करायचा. सासूबाई परत गेल्या. फोनवर माझ्या तब्येतीआधी तिची चौकशी करत. सोफा अजून जुनाच आहे.

परवाना आला त्या रविवारी मी म्हातारेबुवांना आणायला गेले. ते नको नको म्हणत होते आणि नको म्हणता म्हणता कोट घालत होते. खाणीत वारा नव्हता. मी दारू भरली, गोळी ठासली आणि बंदूक माझ्या खांद्याला लावण्याऐवजी त्यांच्या हातात दिली.

"मला मधलं दिसत नाही," ते म्हणाले.

"मला पण फारसं लागत नाही," मी म्हटलं.

सेक्रेटरीणबाई त्यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, मी डाव्या. त्यांनी गाल लाकडाला टेकवला. ती जागा त्या गालाच्या मापाचीच होती, त्यांनीच तासलेली. फुस्स, मग ती फट, मग बार. धूर आमच्या तिघांभोवती रेंगाळला. मी दुर्बिणीतून कागद पाहिला, वर पाहिलं, खाली पाहिलं, दोन्ही काठ पाहिले. कागद कोरा होता.

"कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"डोंगरात."

"नेमकी डोंगरात?"

"अगदी नेमकी."

"बघा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या गोळीसाठी हात पुढे केला. डावा.